त्रेचाळीस नंबरचा ठोकळा

१

प्रतिकृतीत चौसष्ट ठोकळे होते. आठ रांगा, एकेका रांगेत आठ. प्रत्येक ठोकळा खालून चार स्क्रूंनी फळीला आवळलेला, म्हणजे एकूण दोनशे छप्पन्न स्क्रू. त्यांतले दोनशे बावन्न पितळी होते आणि चार पोलादी. चारही पोलादी स्क्रू एकाच ठोकळ्याला होते. त्रेचाळीस नंबरच्या.

मी सभागृहातल्या मोठ्या टेबलाखाली उताणी पडून हे मोजत होते. तिथून मला छाननी समितीच्या अध्यक्षबाईंचे फक्त बूट दिसत होते. ते बराच वेळ इकडून तिकडे जात होते.

"काय गं, डोळा लागला की काय?"

"बाई, एक ठोकळा कुणीतरी बदललाय."

बूट जागच्या जागी थांबले.

परिषदेने पुढच्या तीस वर्षांचा प्रादेशिक आराखडा लोकांपुढे ठेवला होता. चारशे पानं कोण वाचणार, म्हणून खोऱ्याची ही लाकडी प्रतिकृती करून चार सभागृहांत फिरवली. टेकड्या, नदी, नखाएवढी चपटी घरं. उंची मुद्दाम पाचपट दाखवलेली, नाहीतर चढउतार डोळ्यांना दिसत नाहीत. आणि महापूर कुठवर येऊ शकतो ते कळावं म्हणून नदीवर एक निळी पारदर्शक काच, टाचण्या टोचताना उचलून ठेवता येणारी.

नदीकाठच्या खालच्या आळीला एकच प्रश्न विचारला होता. आळी उठवून वरच्या माळावर न्यायची का? प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरावर एक टाचणी टोचायची. मान्य असेल तर पांढरी, हरकत असेल तर काळी.

एकशे अठरा घरं. पांढऱ्या एकशे सात, काळ्या अकरा.

त्याच आळीने महिन्याभरापूर्वी आराखडा करणाऱ्या सल्लागाराला सभेतून पळवून लावलं होतं. त्याची छत्री अजून त्यांच्याकडेच होती. एवढी माणसं एकदम कशी वळली, हे अध्यक्षबाईंना पटत नव्हतं. म्हणून त्यांनी मला, समितीच्या तांत्रिक सहायकाला, टेबलाखाली घातलं होतं.

मी बाहेर आले. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. बाहेर आभाळ इतकं खाली आलं होतं की दुपार असून दिवे लावावे लागले होते.

"लबाडी सिद्ध झाली तर नियम साधा आहे," त्या म्हणाल्या. "आळीचा कौल रद्द. आळीचा विषय आराखड्यातून बाहेर. मग तीस वर्षं तिथली वीटसुद्धा कुणी हलवणार नाही."

"हो."

"तुझी मावशी तिथेच राहते ना?"

"लहानपणापासून मीही तिथेच वाढले."

"तिची टाचणी?"

"पांढरी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "परवा तीनला बैठक आहे. कुणी केलं, ते नाव घेऊन ये."

२

परिषदेचा सुतार मला फूटपट्टी म्हणतो. मी दारातून येताना दिसले की सगळी हत्यारं सरळ रेषेत लावून ठेवतो, मला चिडवायला.

त्या दिवशी त्याने हत्यारांना हात लावला नाही. मी त्रेचाळीस नंबर त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हा माझा नाही."

"बघितलंही नाहीस नीट."

"बघायचं काय त्यात? माझे ठोकळे पोकळ. पातळ प्लाय एकावर एक डकवून वर पुट्टीचा लेप. चार सभागृहांत उचलून न्यायचे म्हटल्यावर भरीव करून माझी कंबर मोडून घेऊ? हा भरीव आहे. एका लाकडातून कोरलाय."

मी वजन केलं. इतर ठोकळे दोन किलोच्या आसपास होते. हा तीन किलो शंभर ग्रॅम.

"काम कसं आहे?"

त्याने ठोकळा दिव्याखाली तिरका धरला. "सुताराचं नाही. पटाशीचे घाव भित्रे आहेत. पण घाई कुठे नाही. एकेक केस मोजून काढावा तसं काढलंय. घरं मात्र माझीच. जुन्या ठोकळ्यावरची सोडवून इथे डकवलीत."

"प्रतिकृती ठेवतात त्या भांडाराच्या चाव्या कुणाकडे?"

"तीन आहेत. एक माझी. एक मोजणीसाहेबांची, उंच्या तपासायला समितीने त्यांना घेतलंय ना. एक सचिवांची. पण सचिवांची चावी म्हणजे सार्वजनिक नळ. कुणीही मागावी."

त्याने पोटमाळ्यावरून पुठ्ठ्याचे साचे काढले. मूळ ठोकळा कापताना वापरलेले. आम्ही ते त्रेचाळीस नंबरवर धरले. कडेला तंतोतंत बसले. मध्यभागी, गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपघरापाशी, पुठ्ठा आणि लाकूड यांच्यात फट राहिली. फटीतून पलीकडचा दिवा दिसत होता.

"खाली घेतलीय जमीन," सुतार म्हणाला. "निळ्या काचेखाली जाईल एवढी."

टाचण्यांची भोकं मी आधीच भिंगाने तपासली होती. ती एकाच हाताने पाडलेली नव्हती. कुणी डावीकडून टोचली होती, कुणी उजवीकडून, कुणी दोनदा. मग टाचण्या खऱ्या होत्या. लोकांनीच टोचल्या होत्या. त्यांच्याखालची जमीन खोटी होती.

३

सल्लागार पाहुण्यांच्या खोलीत बॅग भरत होता.

"मला घसघशीत बहुमत मिळालंय," तो म्हणाला. "आता तुम्ही म्हणणार ते मी चोरलं. म्हणा. नाहीतरी छत्री गेलेलीच आहे."

"ठोकळा तुम्ही बदलला?"

"मॅडम, ती निळी काच माझी आहे. तिच्या चारही कोपऱ्यांत फिरकीचे स्क्रू आहेत. फसवायचंच असतं तर काच अर्धा सेंटीमीटर वर घेतली असती. दोन मिनिटांचं काम. लाकूड कोरत कोण बसेल?"

त्याने फोनवर पहिल्या सभागृहातले फोटो दाखवले. त्यांत खालच्या आळीची घरं काचेच्या वर होती. थोडीशीच, पण वर. चौथ्या सभागृहात, खुद्द आळीच्या शाळेत, तीच घरं निळ्याखाली गेली होती. चौथ्याच्या आधीचे तीन दिवस प्रतिकृती भांडारात होती.

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मी बहुमत मोजत होतो," तो म्हणाला. निदान खरं बोलला.

परिषदेवरचे आळीचे सभासद, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते मला त्यांच्या ओट्यावरच भेटले. आत या म्हणाले नाहीत.

"वरच्या माळावर माझ्या मेव्हण्याची जमीन आहे," मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "हेच विचारायला आलीस ना? सगळ्या गावाला माहीत आहे. लपवलंय का मी?"

"आळी हलली तर त्या जमिनीला भाव येईल."

"येईल की. म्हणून मी ह्या वयात पटाशी घेऊन बसू? साधा खिळा ठोकायचा तर बायको मला घराबाहेर पाठवते."

आतून कुणीतरी हसलं.

"मग तुमची टाचणी काळी कशी?"

भाऊंनी आवाज खाली आणला. "लोक बघत असतात गं. सभासदानेच पांढरी टोचली तर काय म्हणतील? शिवाय माझं घर आळीच्या कडेला. तुमच्या त्या खेळण्यात ते बुडत नव्हतं. मधल्या लोकांच्या डोक्यावर पाणी दिसलं, ते धडाधड पांढऱ्या टोचत सुटले. चार बायका तर रडत होत्या." त्यांनी मावशीच्या घराकडे बोट केलं. "त्यांत तुझी मावशी होती."

४

मावशी अंगणातल्या हातपंपावर पाणी भरत होती. पायाखाली दोन विटा.

"ये बाई. ह्या पंपाला वाढ लागलीय की मी खुजी होत चाललेय, कोण जाणे. मागच्या वर्षी एका विटेवर भागायचं."

मी बादली आत नेली. दार ढकलायला खांदा लावावा लागला, ते खालून फरशीला घासत होतं. आत सामानाची खोकी बांधून ठेवलेली होती. त्यांतली दोन उघडून पुन्हा फळीवर भांडी लावलेली.

"भाऊंच्या बायकोने सांगितलं मला," मावशी म्हणाली. "फसवलं ना आम्हाला?"

"प्रतिकृतीत फेरफार झालाय."

"म्हणजे फसवलंच. सरळ बोल की." ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसलं. "माझ्या छपरावर निळं पाणी बघितलं मी, स्वतःच्या डोळ्यांनी. तुझे काका ह्याच खोलीत गेले. तू इथेच रांगलीस. हे सगळं सोडून माळावर जायचं, तरी टोचली मी पांढरी. तेव्हापासून घास गोड लागला नाही मला. आणि आता कळतं, सगळं नाटक होतं." ती हसली, खूप दिवसांनी. "परवा रद्द करून टाक ते. उरलेली खोकी मी आजच सोडते. सुतारालाही बोलावलंय, दाराला रंधा मारायला."



"अगं, तुझ्या मोजणीसाहेबांकडे जरा बघ. बायको गेल्यापासून पार एकटे पडलेत. सकाळी ती पट्टेरी काठी घेऊन गल्लीबोळ मोजत फिरतात. आपल्या उंबऱ्यावरही ठेवली होती. मी म्हटलं, काय साहेब, घर विकत घेताय का? तर म्हणाले, फुकट दिलंत तरी नको. असं बोलतं का कुणी?"

परत निघताना मी पंपापाशी थांबले. सिमेंटच्या ओट्याच्या जरा वर, पंपाच्या पाइपावर, एक गंजलेला पट्टा दिसत होता, टीचभर उंचीचा. त्याच्याखाली, ओट्यापर्यंतचा पाइप नव्या नाण्यासारखा चकचकीत होता. कधीच उन्हापावसात न आलेल्या लोखंडासारखा.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

५

सभागृहात परत येऊन मी त्रेचाळीस नंबरवर पेन्सिलने चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात खोली मोजली, मूळ साच्याच्या तुलनेत.

मला वाटलं होतं, जमीन सरसकट तासली असेल. घाबरवायचं म्हटल्यावर कुणीही तेच करेल. पण पंपघरापाशी खोली तीन मिलिमीटर होती. दोन गल्ल्या पलीकडे, मावशीच्या घरापाशी, तीनपेक्षा किंचित कमी. शाळेपाशी दोन. भाऊंच्या घरापाशी शून्य. सारख्या खोलीचे बिंदू मी जोडले. पंपघराभोवती एकात एक वर्तुळं उमटली, नीट, शांत, बशीसारखी.

भीती दाखवणारा माणूस बशी कोरत नाही. मोजलेलं असेल तोच बशी कोरतो.

उंचीच्या मापाने प्रतिकृतीतला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे वीस सेंटीमीटर. तीन मिलिमीटर म्हणजे साठ.

मग मला तो चकचकीत पाइप आठवला. पंपाचा पाइप खोल जातो, खालच्या कातळावर टेकतो. तो जागचा हलत नाही. पंप वाढू शकत नाही. म्हणजे वाढला नव्हताच. त्याच्याभोवतीचं अंगण खाली गेलं होतं. घासणारं दार, मावशीच्या विटा, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

६

मोजणीसाहेबांनी मला कॉलेजच्या सुट्टीत मोजणीची दुर्बीण समतल लावायला शिकवलं होतं. त्यांचं घर मावशीच्या मागच्या गल्लीत. दार उघडंच होतं. कदाचित ते बंदच होत नसावं.

"किती मिळाले?" त्यांनी विचारलं. बस म्हणण्याआधी.

"पंपघरापाशी तीन. कडेला शून्य."

"मी पावणेतीन कोरले होते. मग वाटलं, अपूर्णांक नको, आकडा पुरा करावा." त्यांनी टेबलावरची पटाशी बाजूला सारली. "जुने चार स्क्रू काढताना झिजले. पितळी दुकानात नव्हते. म्हटलं, टेबलाखाली कोण बघतंय? तुलाच पाठवतील हे डोक्यात आलं नाही."

"सांगितलं का नाही कुणाला?"

"तीनदा सांगितलं. सचिवांचं उत्तर ठरलेलं. साहेब, दर पाच वर्षांनी आळीची मोजणी होते, दरवेळी फरक शून्य येतो." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "शून्य येणारच की. मोजणी कुठून सुरू होते?"

मला ठाऊक होतं. पंपघराच्या भिंतीत उंचीची खूण कोरलेला दगड आहे. आळीतली प्रत्येक उंची त्याच दगडापासून मोजतात आणि मोजणी त्याच दगडापाशी परत येऊन संपवतात. मीही तसंच शिकले होते.

"दगडही खाली जातोय," मी म्हणाले.

"मधली घरं, रस्ते, दगड, सगळं बरोबरच; कडेची घरं त्यामुळे उंच गेलेली दिसतात, ती मोजणीची चूक म्हणून सोडून देतात. साठ वर्षं आपण पंपघरातल्या पंपाने खालच्या चिकणमातीतलं पाणी उपसतोय. माती बसत चाललीय. पूररेषा मात्र पुलाखालच्या कातळावरून ठरवलेली, ती जागची हलली नाही. सचिव म्हणतात, दगडावर शंका घ्यायची तर सगळं गाव पुन्हा मोजावं लागेल. आणि आळी म्हणते, आम्ही हलणार नाही. मग मी दोघांनाही दिसेल असं केलं."

"तुम्ही लोकांना फसवलंत, साहेब. माझ्या मावशीला रडवलंत."

"हो." ते एवढंच म्हणाले. मग पटाशी खणात टाकत, "समितीला माझं नाव दे. त्यात मागेपुढे बघू नकोस."

"नाव दिलं की कौल रद्द होतो. मावशीने खोकी सोडायला घेतलीत."

बाहेर कुणाच्यातरी हातपंपाचा आवाज येत होता.

"आणि तुमची मोजणी चुकली असेल तर?"

"असेलही. डोळ्यांत मोतीबिंदू, काठी धरायला माणूस नाही, भिंतीला टेकवून ठेवायचो. माझ्या हाताखालच्या कुणी अशी मोजणी आणली असती तर तोंडावर फेकली असती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणून तू मोज. दगडापासून नको. पुलाच्या कातळापासून. मी येऊ?"

"नको," मी म्हणाले. "तुम्ही जवळपासही फिरकू नका."

त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांना ते आवडलं.

७

बैठकीच्या दिवशी सकाळी मी परिषदेची दुर्बीण घेऊन पुलाखाली उतरले. मापाची पट्टी धरायला सुताराला घेतलं. मी त्याला कारण सांगितलं नव्हतं. पहिल्या टप्प्याला तो म्हणाला, "फूटपट्टी, तुझ्यापेक्षा ही पट्टी बरी, निदान बोलत नाही." नदीकाठ सोडून आम्ही आळीत शिरलो. पंपघरावरून जाताना मी भिंतीतल्या दगडावर पट्टी टेकवली नाही, तेव्हा त्याने दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

भाऊ ओट्यावर उभे राहून बघत होते. शाळेच्या फाटकाशी चार बायका जमल्या होत्या. मोजणीसाहेबांची खिडकी बंद होती.

मावशीच्या अंगणात मी तिपाई रोवली. तिचे पाय ओल्या मातीत रुतू नयेत म्हणून खाली फरशीचे तुकडे ठेवले. दाराशी सुताराची पेटी होती, रंधा वर काढून ठेवलेला. दार अजून तासायचं होतं.

"मी धरते," मावशी म्हणाली आणि सुताराच्या हातातून पट्टी घेतली. "माझ्या उंबऱ्यावर परकं माणूस कशाला?"

"सरळ धर. डोलवू नकोस."

"तुला उभं राहायला मी शिकवलं. मला शिकवतेस?"

तिने दोन्ही हातांनी पट्टी धरली, उंबऱ्याच्या बरोबर मधोमध. दुर्बिणीत मला आधी तिची बोटं दिसली, मग आकडा. मी तो लिहिला. यंत्राची उंची बदलून पुन्हा वाचला. मग आम्ही आलो त्याच वाटेने परत कातळापर्यंत मोजत गेलो. मावशी उंबऱ्यातच बसून राहिली. आम्ही परत आलो तेव्हाही ती तिथेच होती. मागे एक खोकं अर्धवट सोडलेलं.

मी आकडेमोड दोनदा केली.

"किती आलं गं?" मावशीने विचारलं.

सुतार पेटीजवळ उभा होता. रंधा त्याच्या हातात होता. अडीच वाजले होते. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि बैठकीत जे वाचायचं होतं ते तिला आधी वाचून दाखवलं.

उंबऱ्याची नोंदीतली उंची, पंपघराच्या दगडापासून: ४१२.६४ मीटर.

पूररेषा, पुलाच्या कातळापासून: ४१२.२४ मीटर.

उंबऱ्याची आज मोजलेली उंची, पुलाच्या कातळापासून: ४१२.०५ मीटर.

कातळावर परत आल्यावर मोजणीत आलेली तफावत: चार मिलिमीटर.

उंबरा पूररेषेच्या एकोणीस सेंटीमीटर खाली आहे.